चेरीच्या झाडावरची भोरडी

ये गं मित्रा, अशी इथे जवळ बस. तो फोन आधी पालथा ठेव. मी एवढं मोठं काहीतरी लिहून पाठवते आणि तू त्यावर नुसता अंगठा पाठवतेस. अंगठा हे काय उत्तर झालं? माझ्या मायच्या वेळची माणसं अंगठा उठवायची, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. तू तर युनिव्हर्सिटीत शिकतेस. आणि सकाळी काही खात नाहीस, असंही तुझी मम्मा सांगत होती. नुसत्या कॉफीवर माणूस दिवसभर उभा कसा राहतो, ते मला एकदा करून दाखव. आता तू तिकडे रेगेन्सबर्गला, मी इथे बॉबलिंगेनला, जवळ बसणार कशी म्हणा. पण लिहिताना मी तुला शेजारी बसवते. त्याशिवाय मला पुढचं वाक्य सुचत नाही. तूच म्हणालीस ना, आजी, तुझ्या लहानपणाचं सगळं लिहून काढ. जर्मनमध्ये म्हणालीस, पण मला कळलं. तर आज भोरड्यांचं सांगते. लहानपणाचं सांगता सांगता मध्येच बॉबलिंगेन कुठून आलं, असं विचारू नकोस. पाखरंच जर कुठल्या कुठे जातात, तर त्यांच्या गोष्टीनं कुठे जावं, हे मी कोण सांगणार?

आमचं घर म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली एक खोली आणि पुढे छपराचा ओटा. घरात मी, माय आणि माझी धाकटी बहीण शांता. बाप कामासाठी वर्षातला बराच काळ परमुलखात असायचा. ज्वारीला कणसं धरली की आमचा मुक्काम दिवसभर दुसऱ्याच्या रानात, कारण राखणीचं काम मायकडे असायचं. चार खांबांवर फळ्या आणि तुराट्या टाकून मचाण केलेलं, त्याच्या सावलीत पाण्याचं मडकं, फडक्यात भाकरी, अंबाडीची भाजी आणि कधी कधी नुसताच ठेचा. शांता खाली बसून मातीची चूल मांडायची, मी मायबरोबर वर. सकाळी ज्वारीची ताटं दवानं जड असायची, वारा आला की ओल्या पानांची सळसळ व्हायची. मग लांबून कुणीतरी मोठ्या कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडाट सुरू व्हायचा. माय भाकरीचा घास खाली ठेवायची आणि म्हणायची, "आल्या." भोरड्या यायच्या त्या कधी एकट्यादुकट्या नाहीत. आभाळात कुणी चादर झटकावी तसा थवाच्या थवा वळायचा आणि एका दमात रानावर पडायचा. अंगानं गुलाबी, पण कसा गुलाबी, तर धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा. डोकं, पंख आणि शेपूट काळी. दिसायला साध्या, पण कणसावर बसल्या की मागे नुसता भुसा.

मायचा हात गोफणीला फार चांगला होता. माझा गोफणगुंडा पहिल्या वर्षी पुढे जाण्याऐवजी मागे जायचा, एकदा तर मडकंच फुटलं. तरी ती शिकवत राहिली. गुंडा पाखरांच्या वरून जाऊ द्यायचा, पाखराला लागू द्यायचा नाही, हा तिचा नियम. "त्याच्या पोटाला लागतं म्हणून ते येतं," ती म्हणायची, "आपल्या पोटाला लागतं म्हणून आपण हाकलायचं. त्यात भांडण काय?" आणि मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन अशी आरोळी द्यायची, 'हाऽ हुर्रऽ', की शेजारच्या रानातली पाखरंसुद्धा उठावीत. संध्याकाळी घसा बसलेला असायचा, घरी आल्यावर आम्ही तिघी खुणांनीच बोलायचो. हुरड्याच्या दिवसांत मालक ओंजळभर द्यायचा. तो शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेला हुरडा, वर मीठ आणि लसणाची चटणी. त्या चवीचं इथे काही मिळेल, अशी आशा मी सोडून दिली आहे. मग पळस फुलून गळाला की एका सकाळी भोरड्या नसायच्याच. मी मायला विचारलं होतं, कुठं गेल्या गं? "माहेराला." त्यांचं माहेर कुठंय? माय लुगड्याचा काष्टा खोचत म्हणाली, "लांब असंल. लांब असतं म्हणून तर निवांत राहून येतात."

पुढे माझं लग्न झालं, तुझ्या आजोबांना शहरात नोकरी लागली. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, तुझ्या बाबाच्या पुस्तकांवरून त्याच्याबरोबर वाचायला लागले. माय म्हातारपणी आमच्याकडे राहायला आली. दोन खोल्या, वर सिमेंटचं छत, खाली डांबरी रस्ता. ज्वारीचं ताट औषधालाही नाही. एका दुपारी मी गहू निवडत होते आणि माय खाटेवर उठून बसली. हात डोक्यावर नेऊन तिनं गोफण फिरवल्यासारखा फिरवला आणि ओरडली, "हाऽ हुर्रऽ. कमळे, बघतीस काय, भोरड्या पडल्या रानात." मी वर बघितलं. पंखा फिरत होता. त्या दिवसानंतर ती एकेक विसरत गेली. आधी वार, मग माणसं, शेवटी मला. भोरड्या मात्र तिला अखेरपर्यंत दिसत होत्या. हे तुला आधी सांगितलं, कारण हे माहीत नसेल तर त्या वसंतात मी अशी का वागले, ते तुला कळणार नाही.

तू तेव्हा नववीत होतीस. मला इथे जर्मनीला तुमच्याकडे येऊन काही वर्षं झाली होती, या घराचे आवाज एव्हाना पाठ झाले होते. सकाळी कॉफीच्या यंत्राची घरघर, मग तुझ्या बाबाच्या गाडीच्या दाराचा दबका आवाज, मग तुझ्या मम्माच्या खोलीचं दार बंद आणि त्याआडून दिवसभर 'या, या, गेनाऊ, आल्झो'. पहिल्या वर्षी मला वाटायचं, गेनाऊ हा तिचा साहेब असेल, सारखं त्याचंच नाव घेते; 'अगदी बरोबर'ला गेनाऊ म्हणतात, हे मागाहून कळलं. सगळे आपापल्या दारांआड गेले की मी स्वयंपाकघरात. खिडकीतून शेजारच्या फ्राऊ लांगे यांचं चेरीचं झाड दिसतं, तुला माहीतच आहे. चेरीला रंग चढायला लागला की काळी, ठिपक्यांची, आपल्या मैनेच्या कुळातली पाखरं येतात. फ्राऊ लांगे यांनी जुन्या सीड्या, त्या गाण्यांच्या चकचकीत तबकड्या, दोऱ्याला बांधून फांद्यांवर टांगल्या होत्या. मायनं पत्र्याचे डबे टांगले असते. मला त्या बाईबद्दल त्या सीड्यांमुळेच पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

त्या दिवशी मी भाकरी थापत होते. काळ्या पाखरांचा गलका चालू होता म्हणून सहज वर बघितलं, आणि त्यांच्यात एक गुलाबी. डोकं काळं, पंख काळे, मधलं अंग गुलाबी, डोक्यावर विस्कटलेला तुरा. तिनं चेरी उपटली, मान वर करून गिळली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून हळूच निघालं, भोरडी. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. तोवर ती गेली होती.

आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग मी शंका काढायला लागले. भोरडी इथे कशी येईल? आणि आली तरी एकटी कशी? मी जन्मात कधी एकटी भोरडी बघितली नव्हती. शिवाय हिचा रंग विटलेला नव्हता, दुकानातून नुकत्याच आणलेल्या साडीसारखा होता. म्हणजे मी लहानपणी जे खरोखर बघितलं, त्याहून चांगलं मला आता दिसत होतं. भास असाच असतो ना? मायलासुद्धा छताच्या पंख्यात विटक्या दिसल्या असतील की अशाच लखलखीत, ते मी तिला विचारलं नव्हतं. आणि बारीकसारीक झालंच होतं त्याआधी. वैशाख पौर्णिमेला आपण न्युरेम्बर्गला बुद्धवंदनेला गेलो, तिकडची आपली सगळी इंजिनियर मंडळी, संशोधन करणारी मुलं जमली होती, आणि मी केलेल्या खिरीत साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. लोकांनी वाट्या निमूट संपवल्या. पौर्णिमेच्या खिरीला आपली माणसं नावं ठेवत नाहीत. तुझा बाबा पहिल्या घासाला हसला आणि दुसऱ्या घासाला हसला नाही. त्याच आठवड्यात मी तुला शांता म्हणून हाक मारली होती. तू 'आजी, मित्रा' म्हणालीस आणि पुन्हा कानात ती पांढरी बटणं घातलीस. तू विसरलीही असशील. मी विसरले नाही, आणि ही गोष्ट मी विसरत नाही याचंच मला त्या दिवसांत बरं वाटत होतं.

भोरडी परत आली. दुसऱ्या दिवशी आली, नंतरही येत राहिली. तू विचारशील, मग कुणाला दाखवली का नाही. बाळा, दाखवायची कशी? मी तुला खिडकीशी बोलावलं असतं आणि तू बघून म्हणाली असतीस, 'दा इस्ट निख्ट्स, आजी', तर? तिथे काही नाही, एवढं जर्मन मला कळतं. तोवर ती खरी की भास, हे निदान मला माहीत नव्हतं. माहीत नसण्यात थोडी जागा असते, त्या जागेत मी राहत होते. तू शाळेतून यायच्या वेळी मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. उन्हाचा त्रास होतो म्हणून सांगायचे.

पण तोंडाला कोण आवरणार? एका दुपारी तुझ्या बाबाचा ऑफिसमधून फोन आला. काय चाललंय आई, जेवलीस का, असं नेहमीचं. आणि माझी नजर खिडकीबाहेर. मी बोलून गेले, "जेवले. भोरडी आली आहे, बसली आहे निवांत."

"भोरडे? कोण भोरडेबाई?" तो म्हणाला. "पुण्याच्या का? एकट्याच आल्यात?"

"एकटीच आहे रे, तेच तर."

"अगं मग चहा वगैरे दिलास का?"

"चहा कशाला? चेरी खातेय."

त्यानं बहुतेक लगेच तुझ्या मम्माला फोन केला. कारण थोड्या वेळानं ती मीटिंग अर्धी टाकून, केस नीट करून, ओढणी घेऊन बाहेर आली. बैठकीच्या खोलीत कुणी नाही, स्वयंपाकघरात मी एकटी. "अहो आई, पाहुण्या कुठे आहेत?" "कोण पाहुण्या?" "यांना म्हणालात ना, भोरडेबाई आल्यात म्हणून." मला तेव्हा कळलं, काय घोटाळा झाला तो. एवढंच म्हणायचं होतं, की सुजाता, बाई नाही गं, पाखरू आहे. पण मग ती खिडकीबाहेर बघणार. आणि तिला दिसलंच नाही तर? मी हातातलं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं, आणि म्हणाले, "गेल्या त्या."

तिनं टेबलाकडे बघितलं. एकही उष्टा कप नाही. "बरं," म्हणाली, आणि हळूच दार लावून घेतलं. त्यानंतर बराच वेळ आतून गेनाऊ ऐकू आलं नाही.

त्यात भर म्हणून मी अजून एक करून ठेवलं. रविवारची दुपार होती, दुकानं बंद, खरेदी नाही, म्हणून तुम्ही तिघं फिरायला गेला होतात. झाडावर सगळी टोळी पडली, फांद्या हलायला लागल्या, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी खिडकी उघडून परातीवर लाटणं बडवत आरोळी दिली, हाऽ हुर्रऽ. मायची आरोळी, माझ्या गळ्यातून, इतक्या वर्षांनी. पाखरं भर्रकन उठली. आणि मग जी शांतता झाली, ती मला आजही ऐकू येते. रविवारची दुपार, इथे त्या वेळी लोक खुर्चीसुद्धा उचलून ठेवतात, सरकवत नाहीत. समोरच्या बाल्कनीत एक माणूस वर्तमानपत्र धरून तसाच थांबला होता. फ्राऊ लांगे बागेत आल्या, माझ्याकडे बघून हात हलवला. मी परात मागे लपवली. संध्याकाळी त्या चेरी घेऊन दारात आल्या. तुझा बाबा मिटागस्रूहेबद्दल, त्या दुपारच्या शांततेबद्दल, माफी मागायला लागला तर त्यांनी मान हलवली. त्या आवाजाचं बोलायला आल्याच नव्हत्या. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, तुमच्या आईचं सगळं ठीक आहे ना. कुणी रागावलं तर माणूस उलटून बोलू शकतं. काळजी केली तर काय बोलणार? चेरी गोड होत्या. मी एकच खाल्ली आणि बाकीच्या झाकून ठेवल्या.

दोन दिवसांनी तुझा बाबा म्हणाला, "आई, डॉक्टरची वेळ घेतलीय, तुझा टेर्मिन आहे. रुटीन आहे." मी विचारलं, रुटीन म्हणजे काय काय बघतात? म्हणाला, "रुटीन म्हणजे रुटीन." तो लहानपणी परीक्षेचे मार्क सांगताना असाच भिंतीकडे बघायचा.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, तरुण होत्या. त्यांनी मला घड्याळ काढायला सांगितलं, ते मी छान गोल काढलं. आकडे घालताना शेवटी जागा उरली नाही, तेव्हा उरलेले बाहेर काढले. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. लिंबू, किल्ली आणि... तिसरा मला आजही आठवत नाही, आणि तुझा बाबा मला तो सांगत नाही. मग त्यांनी त्याच्याकडे बघून काहीतरी हळू विचारलं. त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "आई, विचारतायत, दुसऱ्यांना दिसत नाही असं काही तुला दिसतं का? मी त्यांना 'नाही' म्हणून सांगतो."

"थांब," मी म्हणाले. "सांग त्यांना, भोरडी दिसते."

"आई, त्या भोरडेबाईंचं आपण घरी बोलू."

"बाई नाही रे. पाखरू आहे. ज्वारीवर पडतं ते. भोरडी."

मिलिंदचा, तुझ्या बाबाचा, चेहरा मी तेव्हा बघितला. तो शब्द त्याच्या आत कुठेतरी जाऊन पोचला. हातातली गाडीची किल्ली त्यानं टेबलावर ठेवली. "इथे दिसते?" "इथे. फ्राऊ लांगेंच्या झाडावर." "अजून कुणी बघितली?" "मी विचारलं नाही कुणाला." "का?" मी समोरच्या कागदावरचं माझं घड्याळ बघत होते. त्यानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी रंग विचारला. मी म्हणाले, गुलाबी. त्यानं ते सांगितलं आणि त्यांचं पेन चाललं. पेन चाललेलं मला आवडत नाही. येताना गाडीत तो सिग्नलला थांबला, हिरवा झाला तरी थांबलाच, मागच्यानं भोंगा दिला तेव्हा निघाला. मग म्हणाला, "आई, मायआजी पंख्याकडे बघून ओरडायची ना, तेव्हा मी जाऊन बटण बंद करायचो. पंखा थांबला की ती म्हणायची, उडाल्या." हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, वीज गेली.

आणि मग ती दुपार. तू शाळेतून आलीस, दप्तर जमिनीवर टाकलंस, भाकरीला चॉकलेट लावून गुंडाळी केलीस. मी किती वेळा सांगितलं, की भाकरीचे असे हाल करू नकोस. खाता खाता खिडकीशी गेलीस. त्या दिवशी मी पडदा ओढायचा विसरले होते. विसरण्याचं एवढं एक चांगलं झालं. तू म्हणालीस, "आजी, गुक माल. दा इस्ट वास रोझा."

बघ म्हणालीस, तिथे काहीतरी गुलाबी आहे. मी ओट्याची कड धरली. म्हणाले, "काय आहे? मराठीत सांग."

"पक्षी."

"कसा आहे?"

"डोकं काळं. पोट रोझा. आणि इथे ना," तू स्वतःचे केस वर केलेस, "असं. बाबा सकाळी उठल्यावर असतात तसं."

मी खाली बसले. फरशीवरच. तू घाबरलीस, म्हणालीस, बाबाला फोन करू? मी म्हणाले, "नको. आधी बघ, आहे का अजून."

"आहे."

"परत बघ."

"आजी, आहे. खाते आहे."

"काय खाते?"

"चेरी. आजी, तू का रडतेस?" एवढी सलग मराठी तू त्याआधी माझ्याशी कधी बोलली नव्हतीस. मी तुला काही सांगितलं नाही, आज सांगते आहे. मला तेव्हा मायची आठवण आली नाही, भोरड्यांचीही नाही. फक्त वाटलं, या पोरीला दिसलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहायला आवडतं म्हणून लिहिते. तू फोटो काढलास, फोनमध्ये कुठेतरी टाकलास, आणि शनिवारी आपल्या गल्लीत माणसं आली. तिपाया, दुर्बिणी, हिरव्या टोप्या. आपल्याकडे एवढी माणसं जमली असती तर चहाची टपरी लागली असती. इथे सगळे कुजबुजत होते. फ्राऊ लांगे यांनी फाटक उघडून दिलं, केक कापला आणि स्वतःच झाडावरच्या सीड्या काढून ठेवल्या, पाहुणीला त्रास नको म्हणून. एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी मला बोलावून दुर्बिणीला डोळा लावायला दिला. एवढी जवळ, की तिच्या चोचीवरचा रस दिसत होता. ते सांगत होते आणि तू मला मराठीत सांगत होतीस, अडखळत, मध्येमध्ये 'आल्झो' घालत. इकडे हिचं नाव रोझेनश्टार. एरवी भोरड्या पार पूर्वेकडच्या गवताळ मुलखात घरटी करतात, टोळ खातात; या वसंतात मात्र खूपच पुढे पश्चिमेला आल्या आहेत, गावोगावहून खबर येते आहे. का आल्या, ते त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, विचार त्यांना, थंडीत कुठे असतात. त्यांनी माझ्याकडे बघून उत्तर दिलं, आणि तू सांगितलंस, "ते म्हणतात, हिवाळ्यात त्या तुमच्या घरी असतात."

लांब असंल, एवढंच मायला ठाऊक होतं. तेवढंही बरोबर होतं.

त्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही हिला काय म्हणता. मी सांगितलं. ते म्हणाले, "बोर्डी." मी म्हटलं, "भोरडी." ते म्हणाले, "बोर्डी." तू हसलीस, मीही हसले. मग तुझ्या बाबाची पाळी आली. तो डोळा लावून उभा राहिला तो राहिलाच. मागे माणसं खोळंबली होती. शेवटी तो बाजूला झाला, चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई, भोरडेबाई आल्यात की खरंच. चहा दिलास का?" तुझी मम्मा इतकी हसली, की एका टोपीवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं.

इथे गोष्ट संपवली असती तर गोड झाली असती. पण मी तुला खोटं लिहिणार नाही. थंडी सुरू व्हायच्या सुमाराला दुसरा टेर्मिन होता. पुन्हा घड्याळ, पुन्हा शब्द, मग ते मोठं यंत्र. डॉक्टरीणबाईंनी पाखराचं ऐकून मनापासून माफी मागितली आणि मग बाकीचं सांगितलं. सुरुवात आहे, म्हणाल्या. हळू जाईल, म्हणाल्या. भोरडी खरी होती, ते सगळ्या गल्लीनं बघितलं. खिरीतलं मीठही खरं होतं. मी इतके दिवस एकच प्रश्न धरून बसले होते, की पाखरू खरं असलं तर मी ठीक. तसं नसतं. दोन्ही खरं असू शकतं. म्हणून तर तू लिही म्हणालीस तेव्हा मी एका शब्दानं नाही म्हणाले नाही. मचाण, अंबाडीची भाजी, शांताची मातीची चूल, हे सगळं मला अजून स्वच्छ दिसतं. काल दुपारी काय जेवले, ते मात्र तुझ्या मम्माला विचारावं लागतं.

चेरीला यंदाही रंग चढला आहे. फ्राऊ लांगे तुझी चौकशी करत होत्या. भोरडी पुन्हा आली नाही. मी रोज बघते. दिसली नाही की मला बरं वाटतं की वाईट, ते माझं मलाच समजत नाही. काळी पाखरं आहेत, भांडतात, चेरी खातात. परवा आरोळी द्यावीशी वाटली, पण दुपार होती.

तू ये आता. परीक्षा आहे, गाडी रद्द होते, हे सगळं मी ऐकलं आहे. आलीस की भाकरीला चॉकलेट लाव, मी काही बोलणार नाही. फक्त एक कर. हल्ली दारात आलं की सगळे आधी नाव सांगतात, मला सोपं जावं म्हणून. 'आई, मी मिलिंद.' माझ्या पोटचा पोरगा मला नाव सांगतो. तू सांगू नकोस. बेल वाजव आणि गप्प उभी राहा. मला बघू दे, ओळखू दे. मी मित्रा म्हणाले तर मिठी मार. शांता म्हणाले, तरी ओ दे आणि आत ये. पण तसं व्हायच्या आत येता आलं तर बघ. लवकर ये.